पळणाऱ्यांचं काय, ते पळून जातात

मॅरेथॉन पळणाऱ्याचं फार कौतुक होतं. त्याला मेडल मिळतं, केळं मिळतं आणि पुढचे आठ दिवस जिना उतरताना "आई गं" म्हणायची मुभा मिळते. रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्याला काय मिळतं? पायात गोळे, बसलेला घसा आणि "तू होतीस कुठे? दिसलीच नाहीस!" हा आहेर.

आमच्या ह्यांची साखर पन्नाशीच्या तोंडावर जरा वर सरकली. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. ह्यांनी ते "पळत सुटा" असं ऐकलं. तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या घरात दाराशी बुटांची रांग लागली, आणि मुंबई मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्यात 'कार्ब लोडिंग' ह्या भारदस्त नावाखाली दोन्ही वेळा भात रिचवला गेला. "तू फक्त चीअर करायला ये," हे म्हणाले. तो 'फक्त' माझ्या अजून लक्षात आहे.

"मीही येणार," सासूबाईंनी आतून जाहीर केलं. वय पंच्याहत्तरीपुढे, माहेर सातारा जिल्ह्यातल्या माणमधलं. त्या भागाचा आणि पळण्याचा संबंध त्यांना कुणी शिकवायला नको. "आमच्या माणची ललिता बाबर इथे सलग तीन वर्षं भारतीय बायकांत पहिली आली होती. मग ऑलिम्पिकला गेली, रिओला. फायनलपर्यंत!" हे त्यांनी पहाटेच्या लोकलमध्ये समोर बसलेल्या, छातीवर बिब, म्हणजे स्पर्धेचा नंबर, लावलेल्या मुलीला सांगितलं. मुलगी आधीच घाबरलेली होती. ती आणखी घाबरली.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि जानेवारीतला तिसरा रविवार तिच्या नावावर लागला. म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली आणि घरात तिळाचे लाडू उरलेले. सासूबाईंच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता, तो का होता हे मी विचारलं नाही.

हौशी मंडळी पहाटे ५ ला सीएसएमटीहून सुटतात. मरीन ड्राइव्ह, वरळी, मग एरवी पायी माणसाला फिरकू न देणारा सी लिंक आणि माहीमकडून परत दक्षिणेला. आम्ही दादरला उतरलो. फुलबाजार ऐन भरात होता. झेंडूच्या ढिगांतून वाट काढत, सासूबाईंना दोनदा भाव विचारण्यापासून आवरत, शिवाजी पार्काजवळ कॅडल रोडला पोचलो. जागा पहिल्या रांगेतली मिळाली. कारण दुसरी रांग अजून आलीच नव्हती.

आता वाट बघणं. चीअर करण्यात नव्वद टक्के वाट बघणंच असतं, हे कुणी आधी सांगत नाही. मोबाइलमध्ये अॅप असतं, त्यात बिब नंबर टाकला की आपला माणूस ठिपका होऊन नकाशावर पळतो. पळतो म्हणजे, रस्त्यावर अंथरलेल्या टायमिंगच्या मॅटवरून त्याच्या वेळ नोंदवणाऱ्या चिपने पाय टाकला तेवढीच खरी नोंद. मधलं सगळं अॅपच्या अंदाजावर. आमचा ठिपका सी लिंकवर जाऊन बसला तो उठेना. मी काळजीत. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र बघत उभा राहिला असेल. लहानपणापासून तसाच आहे."

तेवढ्यात लोंढा सुरू झाला आणि कामाला लागलो. प्रत्येकाच्या छातीवरच्या बिबवर नाव छापलेलं असतं, पण इंग्रजीत. मी वाचायचं आणि सासूबाईंनी ओरडायचं, अशी वाटणी झाली. एक जण 'सचिन' नावाचा आला. आता शिवाजी पार्काच्या अंगणात ह्या नावाचा माणूस पळत येतो म्हणजे काय! अख्ख्या फुटपाथने "सऽऽचिन, सचिन" सुरू केलं. त्या बिचाऱ्याने पोट आत घेतलं, मान ताठ केली आणि नजरेआड होईपर्यंत खरंच वेगात पळाला. पुढच्या वळणानंतर त्याचं काय झालं, देव जाणे.

सासूबाईंचं आवडतं वाक्य होतं, "चल रे बाळा, थोडंच राहिलंय!" चारचौघांनी ते हसून घेतलं. पाचवा थांबला. "काकू," तो धापा टाकत म्हणाला, "सोळा किलोमीटर राहिलेत." सासूबाई क्षणभर गप्प. मग डबा उघडून म्हणाल्या, "मग लाडू खा. तिळगूळ घ्या, गोड बोला." ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही अशा माणसाला गोड बोलायला सांगणं हा एक छळच. पण लाडू मात्र भराभर संपू लागले. शेजारच्या काकांच्या संत्र्याच्या फोडी तशाच राहिल्या आणि ते आमच्याकडे जरा तिरकं बघू लागले.

मला एव्हाना चहा हवा होता. हॉटेल समोरच, रस्त्यापलीकडे, वाफा दिसत होत्या. मध्ये मॅरेथॉन. मॅरेथॉनचं ते विचित्र ४२.१९५ किलोमीटर अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आलंय. विंडसर कॅसलपासून निघायचं आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायचं, असा तो मार्ग आखला होता. म्हणजे सगळ्या जगाने आजवर जे जास्तीचे मीटर तुडवले ते बसून बघणाऱ्यांच्या पायी! आणि इथे बघणारीला एका कटिंगसाठी रस्ता ओलांडता येत नाही. हवालदार चांगला होता. "ताई, गॅप आला की सांगतो. सांगितलं की पळायचं, मागे बघायचं नाही." त्याने सांगितलं. मी साडी सावरून पळाले. माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या, कुणीतरी "कमॉन आंटी" म्हणालं. परत येताना दोन ग्लास हातात होते, त्यातला एक निम्मा पदरावर आला.

मग मोटारसायकली आल्या, वर घड्याळ लावलेली गाडी आली आणि मागोमाग केनिया-इथिओपियाचे पुढचे गडी. हे उशिरा सुटतात आणि वाटेत सगळ्यांना गाठतात. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने इथे २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा विक्रम केला. म्हणजे ताशी जवळजवळ वीस किलोमीटर. डोंबिवली स्टेशनाबाहेर आमची रिक्षा ह्या वेगाने कधी गेलेली मला आठवत नाही. पावलांचा आवाजसुद्धा नाही. मी मोबाइल वर करेपर्यंत फोटोत फक्त घड्याळाच्या गाडीचा धूर. सासूबाईंनी लाडू पुढे केलेला हात तसाच राहिला. "एवढ्या लांबून आले, आणि काही घेतलं नाही," त्या खट्टू झाल्या.

"अगं, मी!" असा आवाज आला तेव्हा मी अॅपमध्येच होते. ठिपका अजून सी लिंकवर, आणि हे समोर. चेहरा मिठाने पांढुरका, एक गुडघा स्प्रेच्या वासाचा. मला म्हणायचं होतं बरंच काही, तोंडातून निघालं, "अहो, टोपी कुठेय?" ह्यांनी आईच्या हातचा लाडू घेतला, पाया पडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. पोटरीत गोळा आला होता. शेजारच्या काकांनी आणि मी मिळून सरळ केलं. काकांच्या दोन फोडी तेव्हा खपल्या.

घरी जायचं तर नाहीच. "पेडर रोडच्या चढावर माणूस मोडतो," असं सासूबाईंनी कुठेतरी ऐकलेलं. पुन्हा दादर, तिथून ग्रँट रोडची लोकल, मग चालत केम्प्स कॉर्नर. पस्तीसएक किलोमीटर झाल्यावर हा चढ समोर ठेवणाऱ्याला काय म्हणावं! पण तिथली माणसं बघत राहावी अशी. इमारतीच्या इमारती खाली उतरलेल्या, कुणी बर्फ, कुणी मीठ, कुणी चिक्की. एका मुलीच्या हातात पाटी होती: 'थांबलात तरी फी परत मिळणार नाही.'

सासूबाईंना मात्र आधी प्रभुकुंज बघायचं होतं. लतादीदींच्या इमारतीसमोर त्यांनी डोळे मिटून हात जोडले. समोरून लंगडत जाणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना वाटलं, नमस्कार आपल्यालाच. त्यांनी थांबून, दोन्ही हात जोडून तो परत केला आणि चढ चालू लागले.

हे आले ते चालतच. आम्ही फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीने निघालो. गंमत म्हणजे, ते पळत होते असं त्यांचं म्हणणं, आणि तरी सासूबाई दोनदा पुढे गेल्या. चढ संपला तसे ते सुटले, आम्ही कठड्यावर टेकलो.

परतीच्या लोकलमध्ये मेडल बघून दोन मुलांनी ह्यांना बसायला जागा दिली. मी उभी. कल्याणकडच्या एका बाईंनी सरकून सासूबाईंना जागा केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यांसाठीही असते ना रे एक, चारएक किलोमीटरची?"

"असते. सीनियर सिटिझन रन."

"पुढच्या वर्षी माझं नाव घाल त्यात," गुडघे चोळत त्या म्हणाल्या. "पळेन मी. पण हे उभं राहणं आपल्याला नाही जमायचं बाबा."