पुन्हा तीच काळी स्क्रीन

लिनक्स टाकायला घेतलं की दरवेळी हेच, पेनड्राइव्हवरून बूट होतं, ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू व्यवस्थित दिसतो, एंटर मारलं की स्क्रीन काळी ठिक्कर! पंखा फिरतोय, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे मशीन आतून चालू आहे आणि मॉनिटरवर काहीच नाही. मग ग्रबमध्ये 'ई' दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या मोडमध्ये चालव) टाइप करा, एफ१० दाबा, तेव्हा कुठे डेस्कटॉप येतो, तोही ताणलेला, अक्षरं फुगलेली, रिझोल्यूशन बदलायला जावं तर यादीत एकच पर्याय. आणि हा काही इलाज नाहीच, ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर टाकावाच लागतो. तो टाकला की सिक्युअर बूट, म्हणजे डिजिटल सही तपासूनच कोड चालू देणारा मशीनचा पहारा, आडवा येतो, सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसणारा भाग) लोडच होत नाही, आणि हे स्क्रीनवर कुठेही सांगत नाहीत, कर्नलच्या लॉगमध्ये जाऊन शोधत बसा. अरे निदान इन्स्टॉलरने तरी साध्या भाषेत सांगावं ना, की तुमचं कार्ड हे, याला अमुक ड्रायव्हर लागेल! एवढं करून सगळं जमतं आणि पुढच्या कर्नल अपडेटला हेडर्सचं पॅकेज (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या त्या कर्नलच्या फाइली) नसलं की मॉड्यूल बनत नाही, परत अंधार. नवीन माणूस इथेच वैतागून लिनक्स सोडतो, आणि त्यात त्याची काडीचीही चूक नसते.