ही ‘नोंद’ नेमकी कोणत्या वहीत होते?

परीक्षा जवळ आल्या की ‘विद्यार्थ्यांनो, ताणाचा बाऊ करू नका’ अशा मथळ्याचा पाचकलमी संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. या वेळी तो नातेवाइकांच्या ग्रुपमधून माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते, डोक्यावर दोन विषयांची एटीकेटी आहे, आणि समुपदेशकाची मोठ्या मुश्किलीने ठरवलेली भेट तिने हा संदेश वाचून रद्द केली. म्हणून हा प्रतिवाद. एरवी असले संदेश मी न वाचताच पुसून टाकते.

सर्वांत घातक आहे ते चौथे कलम: ‘समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे एकदा गेलात की सरकारदरबारी कायमची नोंद होते, मग नोकरी, पासपोर्ट, लग्न सगळे अडते.’ ही नोंद कोणत्या कार्यालयात होते हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. उलट, मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ने रुग्णाला आपला आजार आणि उपचार यांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला असून, उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर ती पाळण्याचे बंधन घातले आहे. अपवाद आहेत, पण ते कुणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे, दुसऱ्या डॉक्टरला उपचारासाठी माहिती लागणे अशा स्वरूपाचे आहेत. कॅम्पस मुलाखतीला आलेली कंपनी किंवा स्थळाची चौकशी करणारे काका त्यांत बसत नाहीत. पासपोर्टसाठी पोलीस येतात ते ओळख, पत्ता आणि गुन्हे तपासायला.

संदेशाच्या या चौथ्या कलमात तथ्याचा अंश आहे, तोही सांगून टाकते. सैन्यदलाच्या किंवा वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत पूर्वीच्या मानसिक आजाराविषयी विचारतात. शिवाय काही महाविद्यालयांत समुपदेशनाचे काम एखाद्या प्राध्यापकाच्याच गळ्यात मारलेले असते आणि अंतर्गत गुणही त्याच्याच हातात असतात, तेव्हा मुलांनी कचरणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय आहे: आपण सांगितलेले आणखी कोणाला कळणार, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. तेवढाही विश्वास वाटत नसेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर जुलै २०२५मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले आहेत. न्यायालय ज्याची नेमणूक करायला सांगते, त्याच्याकडे जाणे हा संदेशकर्त्याला डाग वाटतो.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ या पहिल्या कलमावर फार शब्द खर्च करत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. एवढे पुरे व्हावे. ‘परीक्षेच्या महिन्यात चार तास झोप पुरे’ हे दुसरे कलम सरळ चूक आहे. या वयात सात ते नऊ तास झोप लागते, आणि दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

‘गोळ्यांची सवय लागते’ या तिसऱ्या कलमात सगळ्या गोळ्या एकाच डब्यात कोंबल्या आहेत. चिंता शमवणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मित्राच्या पाकिटातून उसन्या घेऊ नयेत. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांची तशी चटक लागत नाही. मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात.

राहिले पाचवे, प्राणायामाचे. संथ श्वसनाने धडधड कमी होते, हे मान्य. पण ‘तो केला की दुसऱ्या कशाची गरज नाही’ ही जोड संदेशकर्त्याच्या पदरची आहे. दोन आठवडे उलटूनही झोप आणि भूक ताळ्यावर येत नसेल, वर्गात जाणे सुटले असेल, तर प्राणायाम खुशाल चालू ठेवावा आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञाची वेळही घ्यावी.