१८८२चे न झालेले वादळ आणि तापलेला अरबी समुद्र

अरबी समुद्रात वादळ घोंघावू लागले की एक संदेश हमखास फिरतो: ‘१८८२ साली चक्रीवादळात मुंबईत एक लाख माणसे मेली, तेव्हा कुठे होता हवामानबदल? जगात वादळांची संख्या वाढलेली नाही. समुद्र तापल्याने वादळे होत असती, तर ती भर पावसाळ्यात का होत नाहीत?’

यातला पहिला पुरावाच टिकत नाही. कोलंबिया विद्यापीठातील वातावरणशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी शोध घेतला, तेव्हा १८८२च्या वादळाचा समकालीन नोंदींत मागमूस सापडला नाही. १८८१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. आठांतला एक मुंबईकर दगावला आणि त्याची कुठे नोंदच झाली नाही, हे संभवत नाही. नोव्हेंबर १९४८मध्ये शहराला झोडपणारे वादळ मात्र खरे होते.

संख्येचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. जगभरातील एकूण संख्येत वाढ दिसत नाही, परंतु तीव्र वादळांचे प्रमाण गेल्या चार दशकांत बहुधा वाढले आहे, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा २०२१चा अहवाल सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांना १९८२–२०००च्या तुलनेत २००१–२०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढलेली, तर बंगालच्या उपसागरातील ८ टक्क्यांनी घटलेली आढळली. बेरजेत ही वाढ झाकली जाते.

पावसाळ्याचे उत्तर वादळाच्या रचनेतच आहे. साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार पाण्याची वाफ वादळाच्या ‘डोळ्या’भोवतीच्या, म्हणजे शांत केंद्राभोवतीच्या, ढगांच्या भिंतीतून वर चढते, तिचे पाणी होताना अप्रकट उष्मा (वाफेत साठलेली उष्णता) बाहेर पडतो, त्याने केंद्रातील हवा तापते, समुद्रपृष्ठावरील दाब उतरतो आणि वारे आणखी वेगाने आत खेचले जातात. पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असल्याने ढगांचा हा मनोरा उभाच राहू शकत नाही. शिवाय अरबी समुद्रही तेव्हा काहीसा निवतो. तापलेले पाणी हे इंधन आहे, एकमेव कारण नव्हे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, त्यामुळे त्याच ताकदीचे वादळही आता अधिक पाऊस पाडते.

३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. ते एकट्या तापमानवाढीने आले, असे कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. पण नवी सुपारी फळायला कित्येक वर्षे लागतात, आणि ती लावणाऱ्या बागायतदाराला ‘काहीच बदललेले नाही’ असे सांगणे ही त्याची फसवणूक आहे.