दोनशे घरांनी काय फरक पडतो? पडतो, आणि तो मोजता येतो

सध्या एक संदेश खूप फिरतो आहे. त्यातला दावा थोडक्यात असा : "नव्या वसाहतीला पाणी, गटारं, रस्ते पुरतील का हे तपासत बसणं म्हणजे घरं अडवण्याचा बहाणा. सांडपाणी केंद्रात क्षमता शिल्लक आहे. दोनशे घरांनी गावाला काही फरक पडत नाही. बिल्डर विकास शुल्क भरतोच. घरं होऊ द्या, सुविधा मागून येतात."

घरं हवीत, याबद्दल माझा वाद नाही. पण या दाव्याची झळ सगळ्यात आधी नव्या घरात राहायला येणाऱ्यांनाच बसते, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

"केंद्रात क्षमता शिल्लक आहे." यातला सर्वांत पटण्याजोगा मुद्दा हाच. कागदावर तो बहुतेक वेळा खराही असतो, कारण तिथला आकडा दिवसभराच्या सरासरीचा असतो. माणसं मात्र सरासरीने आंघोळ करत नाहीत. सकाळच्या दोन तासांत सगळ्यांचे नळ एकदम सुटतात. हा उच्चांक किती असेल याचा अंदाज बांधायला हार्मन यांचं 1918 सालचं सूत्र आजही वापरतात. एक लाख वस्तीसाठी ते सांगतं की उच्चांक सरासरीच्या दुप्पट धरा, आणि एक हजार वस्तीसाठी 3.8 पट. वस्ती जितकी लहान, तितका तिचा उच्चांक टोकदार. म्हणजे "छोटीच वसाहत आहे" हा युक्तिवाद तिच्या दारातल्या गटारवाहिनीपुरता उलटाच पडतो.

शिवाय पाणी थेट केंद्रात जाऊन पडत नाही. गल्लीतली वाहिनी, मुख्य वाहिनी, मध्ये पंपिंग स्टेशन, असा त्याचा प्रवास असतो. केंद्र निम्मं रिकामं असलं आणि पंप सकाळी आठला पूर्ण भाराने चालत असला, तर मैला खालच्या घरांच्या चेंबरमधून वर येणार. पावसाळ्यात जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपतं, ते वेगळंच. म्हणून क्षमता विचारायची ती सर्वांत अरुंद जागेची, आणि सर्वांत वाईट तासाची. (मग सरसकट मोठे पाइप टाका, असंही नाही. वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरच्या खाली गेला तर गाळ तळाशी बसतो आणि वाहिनी तुंबते.)

"दोनशे घरांनी काय फरक पडतो?" रस्त्याचं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने 1964 साली मांडलेलं सूत्र वाहतुकीच्या आराखड्यांत अजून वापरात आहे. रस्ता क्षमतेच्या निम्मा भरलेला असेल, तर मोकळ्या रस्त्याच्या तुलनेत प्रवासाचा वेळ जेमतेम 1 टक्का वाढतो. पूर्ण भरला की 15 टक्के. क्षमतेच्या दीडपट वाहनं आली की 76 टक्के. त्याच दोनशे गाड्या एका रस्त्यावर कुणाच्या लक्षातही येत नाहीत आणि दुसऱ्या रस्त्यावर चौक जाम करतात. फरक गाड्यांच्या संख्येत नसतो, रस्ता आधीच किती भरलेला आहे यात असतो. आणि हा "आधीच" मोजताना, मंजुरी मिळाली पण अजून उभे राहिले नाहीत असे प्रकल्प बहुतेकदा सुटतात. पाच बिल्डर पाच वेगवेगळे अहवाल देतात, प्रत्येकाच्या अहवालात "परिणाम नगण्य" असतो, आणि पाचांची बेरीज कुणीच करत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत मोठी चूक आहे.

पावसाच्या पाण्याचं तर त्या संदेशात नावच नाही. हिरवळीवर पडलेल्या पावसाचा साधारण 10 ते 30 टक्के हिस्सा वाहून जातो, छपरावरचा 75 ते 95 टक्के. घरात कुणी राहायला आलं नसलं तरी छप्पर आणि फरसबंदी झाली की उताराखालच्या वस्तीत पाणी वाढतं.

"शुल्क भरलंय, सुविधा मागून येतात." पैसा आजचा असतो, विजेचं उपकेंद्र कित्येक वर्षांनंतरचं. 2022 साली पश्चिम लंडनमध्ये ग्रेटर लंडन प्राधिकरणाने बिल्डरांना कळवलं की काही मोठ्या प्रकल्पांना नव्या वीजजोडणीसाठी 2035 पर्यंत थांबावं लागू शकतं. तिथली शिल्लक क्षमता डेटा सेंटरांनी आधीच मागून ठेवली होती. जमीन होती, घरांना मागणीही होती. वीज पोहोचवणाऱ्या जाळ्यात जागा नव्हती.

आता "बहाणा" या आरोपाकडे येतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. फ्लोरिडा राज्याने 1985 साली कायदा केला की विकासाबरोबरच सुविधाही हजर हव्यात. रस्त्यांच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा झाला. शहराच्या आतले रस्ते भरलेले, बाहेरचे मोकळे, म्हणून बांधकाम बाहेर सरकलं आणि माणसांचा प्रवास वाढला. 2011 साली रस्त्यांबाबतची सक्ती काढून तो निर्णय स्थानिक संस्थांवर सोडला. पिण्याचं पाणी, मलनिस्सारण, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि घनकचरा यांचं बंधन मात्र कायम ठेवलं. मला हा फरक योग्य वाटतो. गाडीला पर्याय बस असू शकते, गटाराला पर्याय नसतो.

तपासणीचं उत्तर दर वेळी "नाही"च येतं, हेही खरं नाही. पहिली ऐंशी घरं आता, उरलेली पंप बदलल्यावर. भोगवटा प्रमाणपत्र वाहिनीच्या कामाशी जोडलेलं. पावसाचं पाणी आवारातच साठवून हळूहळू सोडायचं. अशा अटी आकडे हातात असले तरच घालता येतात. आणि "इथे आता जागा नाही" म्हणून नव्यांना विरोध करणाऱ्या जुन्या रहिवाशांनीही हेच आकडे दाखवायला हवेत, नुसती घोषणा पुरणार नाही.

तेव्हा पुढच्या सुनावणीला जाल तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा : सर्वांत अरुंद वाहिनीचा उच्चांकी प्रवाह, मंजूर पण न बांधलेल्या घरांची बेरीज, आणि वाढीव क्षमतेच्या कामाची तारीख. तारखेसमोर "प्रस्तावित" एवढंच लिहिलेलं असेल, तर ते काम शिल्लक क्षमतेत धरू देऊ नका.