आधी बिघडते ती चाल

नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूतील पोकळ्यांत द्रव साचून त्या रुंदावण्याचा आजार, यावरील एका लेखात लक्षणे सांगताना लेखकाने विस्मरणाला पहिले स्थान दिले आहे. माझा आक्षेप या क्रमाला आहे. बहुतेक रुग्णांत आधी बिघडते ती चाल. इंदूरला आमच्या वडिलांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते, देवघराच्या उंबरठ्याशी ते थबकत आणि नुसते मागे वळायलाही सात-आठ पावले घेत. मात्र राजवाड्यासमोरच्या जुन्या दुकानांची नावे त्यांना तेव्हा घडाघडा सांगता येत होती. आम्ही गुडघ्यांना दोष दिला, पुढे पार्किन्सनच्या गोळ्या वर्षभर चालल्या (फरक शून्य), आणि लघवीवरचा ताबा सुटू लागला तेव्हा प्रोस्टेटवर खापर फोडले.

कमरेतून पाणी काढण्याच्या चाचणीला लेखात एकच ओळ मिळाली आहे, हेही खटकले. मेंदूतील पोकळ्या रुंदावल्याचे एमआरआयवर दिसले तरी तेवढ्याने निदान पक्के होत नाही. म्हणून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालचे 30 ते 50 मिलिलिटर द्रव कमरेतून काढून त्याआधीची आणि नंतरची चाल मोजतात. फरक दिसला, तर शंटचा (जादा द्रव वाहून नेण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेल्या नळीचा) उपयोग होण्याची शक्यता बळावते. न दिसला, तरी शक्यता पूर्णपणे संपत नाही. वडील दुसऱ्या दिवशी वॉर्डातून भिंतीचा आधार न घेता चालले. शंटनंतर त्यांची चाल पुष्कळ सुधारली, लघवीचा त्रास काहीसा कमी झाला, विस्मरण मात्र जवळजवळ तसेच राहिले.