उंबऱ्यावर बसू इच्छिणाऱ्यांसाठी

तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसलं की आजी ओरडायची, "आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी हो!" उंबऱ्यावर बसायचं नाही, उंबऱ्यावर शिंकायचं नाही, उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे काही द्यायचं नाही. कारण विचारलं तर "सांगितलंय ना, मग ऐकायचं." आजी गेली, वाडा बिल्डरकडे गेला, आणि आताच्या फ्लॅटच्या दारात उंबऱ्याच्या नावाने दोन इंची ग्रॅनाइटची पट्टी उरली आहे. तिच्यावर मांजरसुद्धा बसत नाही. मधल्या जागेचा सराव सुटला तो असा. म्हणूनच "भांडण त्या दोघांचं, आपण आपले मधले" असं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची संख्या एवढी वाढली असावी.

तुम्हीही त्यातलेच असाल तर आनंद आहे. मधली जागा हवेशीर असते. तिथे जाण्यापूर्वी काही तयारी मात्र करून ठेवा.

पहिली तयारी कागदपत्रांची. या बाबतीत हिरण्यकश्यपूचा आदर्श ठेवा. त्याने ब्रह्मदेवाकडून करून घेतलेला मसुदा आजही वकिलांनी अभ्यासावा असा आहे. माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने नाही, अस्त्राने नाही. प्रत्येक दार बंद केलं आणि गडी चौकट विसरला. अर्धा माणूस, अर्धा सिंह, सांजवेळ, उंबरा, मांडी आणि नखं. एकाही कलमाचा भंग न होता कार्यवाही पूर्ण.

बिचाऱ्याचं दुर्दैव म्हणून सोडून देऊ नका. नमुची नावाच्या असुराचं प्रकरण काढून पाहा. इंद्राने त्याला शब्द दिला होता: दिवसा मारणार नाही, रात्री मारणार नाही, ओल्याने नाही, सुक्यानेही नाही. मग एका पहाटे, धड उजाडलेलं नाही आणि धड अंधारही नाही अशा वेळी, पाण्याच्या फेसाने त्याचं डोकं उडवलं. फेस ओला म्हणावा की सुका, यावर तुम्ही अपील करू शकता. नमुची करू शकला नाही. वरच्या कार्यालयातून सुटलेल्या दोन कागदांत तीच फट राहिली असेल तर तिला नजरचूक म्हणू नये. ती सोय असते, आणि सोय कोणाची हे सही झाल्यावर कळतं. विम्याची पॉलिसी मागची बारीक अक्षरं न वाचता कपाटात ठेवणाऱ्यांना मी हेच सांगत असतो. तेही ठेवतातच.

(हिरण्यकश्यपूच्या पोटातल्या विषाने नरसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळं आणून दिली आणि त्यांत नखं रोवल्यावर दाह शमला, असं गुरुचरित्रात आहे. म्हणजे उंबऱ्यावर झालेल्या कामाची मलमपट्टी उंबरानेच केली. मारणाऱ्याची, अर्थात. मेलेल्याच्या उपचारांबद्दल पोथीत काही नाही.)

दुसरं म्हणजे, दोन साहेबांच्या भांडणात स्वतःचं काम करून घ्यायला जाऊ नका. गेलातच तर त्रिशंकूसारखं समाधानी राहा. त्याची मागणी साधी होती: सदेह स्वर्गात जायचं. वसिष्ठांनी अर्ज फेटाळला, म्हणून तो विश्वामित्रांच्या टेबलावर गेला. विश्वामित्रांनी वर पाठवला, इंद्राने खाली ढकलला, विश्वामित्र गरजले, "तिष्ठ, तिष्ठ!" आणि तो राहिला तिथेच, डोकं खाली, पाय वर. नंतर देव आणि ऋषी यांच्यात रीतसर तडजोड झाली. त्याला स्वर्गात घ्यायचं नाही, जमिनीवर पडू द्यायचं नाही, भोवती नवी नक्षत्रं लावून द्यायची. दोन्ही साहेबांचा शब्द राहिला. राजाला कसं वाटतंय हे विचारायला एखादा शिपाईसुद्धा गेल्याची नोंद नाही.

आता भेटीगाठींबद्दल. शत्रूला भेटायचंच असेल तर मधली जागा निवडावी, असं सगळेच सांगतात. ना तुमचं घर, ना त्याचं. पूल उत्तम. 10 सप्टेंबर 1419 रोजी फ्रान्समधल्या माँतेरो इथल्या पुलावर बर्गंडीचा ड्यूक जाँ आणि फ्रान्सचा युवराज शार्ल यांची भेट ठरली ती याच हिशेबाने. दोघांनी दहा-दहा माणसं आणायची. पुलाच्या मधोमध लाकडी कठडे घालून बंदिस्त जागा केली होती आणि तिला दार होतं. ड्यूक आत आला, त्याच्या मागे दार लागलं, आणि थोड्याच वेळात युवराजाच्या माणसांनी त्याचं डोकं फोडलं. ड्यूकचा मुलगा रागाने इंग्रजांना जाऊन मिळाला आणि पुढच्याच वर्षीच्या तहात फ्रान्सच्या गादीचा वारसा इंग्लंडच्या राजाच्या नावावर झाला. शंभर वर्षांनी एका मठातल्या साधूने ड्यूकची कवटी दाखवत फ्रान्सच्या राजाला सांगितलं म्हणे, की महाराज, इंग्रज फ्रान्समध्ये शिरले ते या भोकातून.

फ्रेंच राजे मात्र धडा घेणारे. त्या युवराजाचा मुलगा अकरावा लुई 1475 साली इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला पिकिन्यीच्या पुलावर भेटला, तेव्हा त्याने पुलाच्या मधोमध सिंहाच्या पिंजऱ्याला असते तशी भक्कम लाकडी जाळी ठोकून घेतली. भोकं हात जाईल एवढीच. आणि मुख्य म्हणजे दार नाही. दार असलं की कोणीतरी "या ना आत" म्हणतो आणि समोरचा भिडेखातर येतो, हे लुईला पक्कं ठाऊक होतं. शिवाय स्वतःसारखाच पोशाख घातलेला एक माणूस शेजारी उभा केला होता, म्हणजे मारेकऱ्याला निवडीचं स्वातंत्र्य. दोन्ही राजांनी भोकांतून हात घालून एकमेकांना आलिंगन दिलं. तहाच्या इतिहासात इतकी प्रामाणिक मिठी मला दुसरी सापडलेली नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी अशी जाळी करून घ्यावी अशी सूचना मी मांडली होती. खर्चाचा मुद्दा निघाला.

आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 ला हाच बेत होता. गडावर नाही, छावणीत नाही, मधे शामियाना. अंगरक्षक पुन्हा दहा-दहा. दहाचा आकडा इतका का आवडतो कोण जाणे. बहुधा नऊ जणांचा भरवसा वाटत नसावा. पण जाळी नव्हती. अफझलखानाने मिठीसाठी हात पसरले आणि पुढचं तुम्हाला चौथीपासून पाठ आहे. महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले होते. मधल्या जागेवर विश्वास ठेवण्याची हीच एक पद्धत मला मान्य आहे.

नदीच्या मधोमध तराफा हा आणखी सुरक्षित प्रकार. 25 जून 1807 ला नेपोलियन आणि रशियाचा झार अलेक्झांडर टिल्झिटजवळ नीमन नदीवर तराफ्यात भेटले. दोघेही सुखरूप, हसतखेळत. ज्याच्या मुलखाबद्दल बोलणी चालली होती तो प्रशियाचा राजा त्या दिवशी काठावर पावसात थांबला होता. त्याला तराफ्यावर बोलावलंच नव्हतं. पुढे तहात त्याचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला. तेव्हा काठावर थांबणाऱ्यांनी निदान छत्री न्यावी.

खिंडीबद्दल मराठी माणसाला मी काय शिकवणार? आपल्या भाषेत खिंडीला क्रियापदंच दोन: खिंडीत गाठतात आणि खिंड लढवतात. आत शिरण्यापूर्वी आपलं क्रियापद कोणतं हे विचारून घ्या. शाएस्तेखानाने 1661 साली पुण्याहून कोकणात धाडलेल्या कारतलबखानाने विचारलं नव्हतं. दोन्ही अंगांना डोंगर, दाट रान, वर मावळे, खाली पाण्याचे हाल. सोबतच्या रायबाघन बाईंना परिस्थिती लगेच कळली आणि शरण जा असं त्यांनी सांगितलं, म्हणून खान सामानसुमान तिथेच टाकून जीव घेऊन गेला. जागेचं नाव उंबरखिंड. नावातच उंबर होता हो. त्याआधीच्या वर्षी, जुलै 1660 मध्ये, घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. पण त्यांना मी तुमच्या पंगतीला बसवणार नाही. ते मधे उभे होते, मधले नव्हते. पाठ कुणाकडे आणि छाती कुणाकडे, याबद्दल त्यांचा काडीचा गोंधळ नव्हता.

कायमचं बिऱ्हाड करायचं असेल तर चिटमहाल पाहायला हवे होते. कूचबिहार आणि रंगपूर या भागांत भारताचे 111 तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे 51 तुकडे भारताच्या पोटात होते. कुठल्या राजाने आणि कुठल्या फौजदाराने बुद्धिबळात गावं पणाला लावली म्हणून हे झालं, अशी दंतकथा आहे. दंतकथा एवढ्यासाठी की खरं कारण बुद्धिबळापेक्षा कंटाळवाणं आहे: जुने तह, जुनी वतनं, आणि नकाशा काढणाऱ्यांची घाई. त्यातला दहाला खगराबाडी हा तुकडा तर माझा फार लाडका. बांगलादेशात भारताचं गाव, त्या गावात बांगलादेशाचा तुकडा आणि त्या तुकड्यात पुन्हा भारताचं एक शेत. दोन एकरही नाही. शेतातला ताग कुठल्या देशाचा, हे पिकाला विचारून घ्यावं लागलं असतं.

तिथे राहण्याची पद्धत शिकून घ्या, उपयोगी पडेल. बाहेर पडायला व्हिसा लागतो. व्हिसा काढायला आपल्या देशात जावं लागतं. आपल्या देशात जायला परक्या देशातून चालावं लागतं आणि त्यासाठी व्हिसा लागतो. म्हणून लोक चालतच, आणि कधी कधी पकडले जात. मुलाला शाळेत घालायचं तर शेजारच्या देशातल्या कुणाचं तरी नाव बाप म्हणून लावायचं. दवाखान्यात जायचं तर पत्ता उसना. चोरी झाली तर पोलीस येऊ शकत नाहीत, कारण त्यांनाही सीमा ओलांडावी लागते. चोराला असली अडचण नसते. करार 1974 साली झाला आणि देवाणघेवाण 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री. पन्नास हजारांवर माणसं 41 वर्षं दोन सह्यांच्या मधे राहिली. मुत्सद्दी लोक याला प्रक्रिया म्हणतात.

इतकं लांब जायला नको असेल तर दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर पाकीट मारून घ्या. मी घेतलं आहे. या ठाण्यातले म्हणाले, नाल्याच्या पलीकडचं ते त्यांचं. त्या ठाण्यातले म्हणाले, पुलावरचं ना? मग त्यांचंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवायचा, अशी सोय केली आहे. सोय उत्तम आहे. फक्त पलीकडे दाखवणारं बोट कायद्याच्या आधीपासूनचं आहे.

पेटर फेष्टर 18 वर्षांचा होता. 17 ऑगस्ट 1962 ला बर्लिनची भिंत चढताना पूर्वेच्या पहारेकऱ्यांनी त्याला गोळी घातली आणि तो भिंतीच्या पूर्वेकडच्या मोकळ्या पट्ट्यात पडला. जवळजवळ तासभर तो मदतीसाठी हाका मारत होता. पश्चिमेकडून मलमपट्टीची पाकिटं फेकली गेली. पलीकडे उतरलं तर गोळीबार होईल, म्हणून तिकडून कोणी उतरलं नाही. पूर्वेकडचे पश्चिमेकडून गोळीबार होईल म्हणून पुढे आले नाहीत. दोन्ही बाजूंची भीती रास्त होती, आणि दोन्ही बाजूंना तो स्पष्ट दिसत होता. मी यावर सूचना लिहायला बसलो होतो. एकही सुचली नाही.

झाडांना सुचवता येईल. पानमुनजोमला, दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात, एक पॉप्लर होता. त्याच्या फांद्यांमुळे एका चौकीवरून दुसरी दिसेना, म्हणून 18 ऑगस्ट 1976 ला छाटायला माणसं गेली. उत्तरेच्या सैनिकांनी हरकत घेतली आणि त्याच कुऱ्हाडींनी दोन अमेरिकी अधिकारी मारले. तीन दिवसांनी हेलिकॉप्टरं, बॉम्बफेकी विमानं आणि सज्ज सैन्य असा सगळा लवाजमा घेऊन ते झाड तासाभरात तोडलं. आमच्या कॉलनीत गुलमोहराची फांदी छाटायला महापालिकेची परवानगी तीन आठवड्यांनी आली, तेव्हा मी कुरकुर केली होती. आता करत नाही. त्याच पट्ट्यात, चार किलोमीटर रुंद आणि अडीचशे किलोमीटर लांब, सुरुंग पेरलेल्या जमिनीवर लाल डोक्याचे क्रौंच सुखाने हिवाळा काढतात. वजन कमी असलं की मधली जागा मानवते. आहारतज्ज्ञांनी हा मुद्दा अजून उचललेला नाही.

शेवटची सूचना: एकदा मधली जागा मिळाली की सोडू नका. मेहरान करिमी नासेरी हा इराणी गृहस्थ कागदपत्रांअभावी 1988 पासून पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर राहू लागला. आत घेत नाहीत, बाहेर जाऊ देत नाहीत. 1999 मध्ये त्याला कागद मिळाले, तर त्याने बाहेर पडायला नकार दिला. 2006 मध्ये आजारपणामुळे त्याला रुग्णालयात हलवलं. मग आसऱ्यासाठी दुसरीकडे जागा मिळाली, छप्पर मिळालं, पत्ता मिळाला. नोव्हेंबर 2022 मध्ये तो वारला, तेव्हा त्याआधी काही आठवडे तो पुन्हा विमानतळावर राहायला आला होता.