स्टॉल आवरल्यावर

फेअरट्रेडच्या स्टॉलवर मी बरीच वर्षं उभी राहतेय. फेअरट्रेड म्हणजे पिकवणाऱ्याला ठरलेला किमान भाव देऊन केलेली खरेदी, आणि तशा मालावर मारलेला शिक्का. टेबल, थर्मास, कागदी कप, चॉकलेटचे तुकडे ठेवलेली बशी, मागे बॅनर. अशाच एका कार्यक्रमात एक बाई आल्या. कॉफीचा घोट घेतला, "छान आहे" म्हणाल्या आणि विचारलं, "यातले पिकवणाऱ्याला किती जातात?"

मी म्हटलं, "योग्य मोबदला जातो."

"हो, पण म्हणजे किती?"

मी तेच उत्तर जरा लांबवून दिलं. 'सन्मान', 'न्याय्य', 'शाश्वत' असे तीन-चार शब्द त्यात घातले. त्यांनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि पत्रक न घेताच निघून गेल्या. त्या दिवशी आमचा जवळजवळ सगळा माल संपला. फोटो झकास आले. मला मात्र घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटत होती. लोकांना जागरूक करायला निघालेली मी, आणि मलाच आकडा ठाऊक नव्हता!

तर आकडा असा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वॉश्ड अरेबिका (धुऊन तयार केलेली अरेबिका जातीची) कॉफीचा फेअरट्रेड किमान भाव पौंडाला १.८० डॉलर झाला. त्याआधी तो १.४० होता. त्यावर पौंडामागे २० सेंट प्रीमियम, म्हणजे पिकवणाऱ्यांनी मिळून ठरवून वापरायची जादा रक्कम. म्हणजे बाजार कितीही कोसळला तरी न भाजलेल्या हिरव्या बियांना पौंडाला दोन डॉलर मिळायलाच हवेत. बाजारभाव त्याच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा, प्रीमियम वेगळा. आता पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. भाजताना वजन घटतं. कपाला १० ग्रॅम पूड धरली तर पौंडातून सदतीस-अडतीस कप निघतात. म्हणजे किमान भावाने हिशेब केला तर कपामागे जेमतेम ५ सेंट. तेही थेट शेतकऱ्याच्या हातात पडत नाहीत. हा भाव माल जहाजावर चढवेपर्यंतचा. तो सहकारी संस्थेला मिळतो आणि वाहतूक, प्रतवारी, संस्थेचा खर्च त्यातूनच वजा होतो.

५ सेंट! त्या बाईंना हे सांगितलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, "एवढेच?" आणि तिथून खऱ्या गप्पा सुरू झाल्या असत्या.

कारण 'एवढेच'सुद्धा मिळत नव्हते तेव्हा काय होतं, हेही मग सांगता आलं असतं. नेदरलँड्समध्ये १९८८ साली 'मॅक्स हॅवेलार' नावाचा पहिला फेअरट्रेड शिक्का निघाला, तो मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगराळ भागातल्या कॉफी उत्पादकांच्या यूसीरी या सहकारी संस्थेच्या मालासाठी. निको रोझेन आणि तिथे राहून काम करणारे धर्मगुरू फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे त्यामागचे दोघे. मागणी साधी होती: मदत नको, बऱ्या भावाने खरेदी करा. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली, कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी कोट्याची व्यवस्था मोडली आणि जगभर कॉफीचे भाव गडगडले. पुढेही हे होतच राहिलं. २०१८-१९ मध्ये अरेबिका पौंडाला एक डॉलरच्याही खाली गेली होती. त्या वर्षात १.४० चा किमान भाव काय चीज आहे हे कॉफी पिकवणाऱ्याला विचारावं. उलट २०२४ च्या अखेरीस भाव तीन डॉलरच्या वर गेले, तेव्हा किमान भाव नुसता कागदावर राहिला. मग दारात रोख पैसे घेऊन येणाऱ्या दलालाला माल विकायचा मोह सभासदांना होतो आणि करार पाळता पाळता संस्थेची दमछाक होते. छत्री पावसात कामाची, उन्हात ओझं. म्हणून ती फेकून द्यायची नसते. पण स्टॉलवर आम्ही ती छत्री म्हणून दाखवतच नाही, जादूची कांडी म्हणून दाखवतो. माझं खरं भांडण इथे आहे.

प्रीमियमचंही तसंच. आमच्या पोस्टरवर विहीर, शाळा आणि हसरी मुलं. फोटो खोटे नसतात, पण त्यातला सगळ्यात जिवंत भाग पोस्टरवर कधीच येत नाही. तो म्हणजे भांडण. प्रीमियमचं काय करायचं हे छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थेत सर्वसाधारण सभा ठरवते, मोठ्या मळ्यावर कामगारांची समिती ठरवते. कुणाला रस्ता हवा असतो, कुणाला वाळवणीसाठी ओटे, कुणी म्हणतं रोखच वाटून टाका. जगातल्या फार थोड्या शिक्क्यांमध्ये पिकवणाऱ्याला असा हात वर करायचा हक्क असतो. फेअरट्रेड इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या सर्वसाधारण सभेतही निम्मी मतं उत्पादकांची आहेत. लोकांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, कारण सभेतलं भांडण सगळ्यांना कळतं. 'सक्षमीकरण' कुणालाच कळत नाही.

आता जे आम्ही मुद्दाम सांगत नाही, ते. चॉकलेटच्या वेष्टनावर शिक्क्याच्या शेजारी एक छोटासा बाण असतो, पाहिलाय? त्याचा अर्थ, मागची बाजू वाचा. कोको, साखर, चहा, फळांचा रस या मालात 'मास बॅलन्स' चालतो. कंपनीने जेवढा माल फेअरट्रेड अटींवर विकत घेतला तेवढ्याच मालावर शिक्का मारायचा, पण कारखान्यात दोन्ही माल एकत्र झाले तरी चालतात. पैसे पोहोचतात, पण तुमच्या हातातल्या वडीतला कोको त्याच शेतातला असेल असं नाही. यात फसवणूक नाही. छोट्या संस्थांचा माल वेगळा ठेवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून ही सोय आहे. पण मी कितीतरी वर्षं बशीतला तुकडा पुढे करत "हा थेट शेतकऱ्याकडून आलाय" म्हणत होते. ते चूक होतं.

आणखी एक. २०१४ मध्ये लंडनच्या सोआस या संस्थेतल्या संशोधकांचा इथिओपिया आणि युगांडावरचा अहवाल आला. फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांची अवस्था इतरांपेक्षा बरी दिसली नाही, उलट मजुरी कमीच दिसली, असं त्यांचं म्हणणं. फेअरट्रेडवाल्यांनी तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. तो वाद मी इथे मिटवणार नाही, माझी तेवढी कुवतही नाही. पण छोट्या शेतकऱ्याकडेही मजूर असतात आणि संस्थेला मिळालेला चांगला भाव त्या मजुरापर्यंत आपोआप झिरपत नाही, एवढं तर डोक्यात शिरायला हवं. हे सांगितलं की आमच्यातलेच काही जण चिडतात. "लोक आधीच सतराशे साठ शंका काढतात, तू अजून हातात देतेस." मला उलटं वाटतं. शंका घेऊन आलेला माणूस दहा मिनिटं थांबतो. चॉकलेट घ्यायला आलेला दहा सेकंद.

आता कार्यक्रमांकडे येते. या चळवळीतलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या लँकशायरमधलं गार्स्टँग. चार-पाच हजार वस्तीचं गाव, पण २००० साली त्याने स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड टाउन जाहीर केलं. आज अशी गावं-शहरं जगभरात दोन हजारांच्या वर आहेत. ब्रूस क्राउदर नावाचे जनावरांचे डॉक्टर आणि त्यांचा ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचा स्थानिक गट यांनी हे घडवलं. त्याआधी अनेक वर्षं त्यांनी खटपट केली होती आणि फारसं काही हाती लागलं नव्हतं. मग त्यांनी एक जेवण ठेवलं. बाहेरून आलेल्या फेअरट्रेड मालासोबत गावाच्या आसपासच्या शेतांतला माल वापरला आणि बोलावलं कुणाला, तर गावचे कारभारी, व्यापारी, शाळेचे आणि चर्चचे प्रमुख यांना. त्या काळात तिथले दूध उत्पादकही पडलेल्या भावाने हैराण होते. त्यामुळे 'दूरच्या शेतकऱ्याला भाव द्या' ही मागणी गावाला परकी वाटली नाही.

मला यातलं मर्म वाटतं ते पाहुण्यांच्या यादीत. येईल त्याला कप, असं ते नव्हतं. ज्यांच्या सहीने गावाची खरेदी होते त्यांना जेवायला बसवलं होतं. फेअरट्रेड टाउनसाठी पुढे पाच अटी ठरल्या: स्थानिक संस्थेचा ठराव, दुकानांत आणि उपाहारगृहांत माल, कामाच्या ठिकाणी आणि संस्थांमध्ये वापर, प्रसिद्धी आणि कार्यक्रम, आणि पाठपुरावा करणारी समिती. कार्यक्रम म्हणजे पाचातल्या एका अटीचा अर्धा तुकडा. आम्ही मात्र त्यावरच वर्षभराचा दम खर्च करतो.

एका सहीची ताकद किती ते चॉकलेटवाल्या कंपन्यांकडे पाहून कळतं. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये कॅडबरी डेअरी मिल्कवर शिक्का आला आणि एका फटक्यात कितीतरी कोको फेअरट्रेड अटींवर गेला. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या 'कोको लाइफ' योजनेकडे वळायचं ठरवलं आणि तो शिक्का गेला. किटकॅटवर तो २०१० मध्ये आला, २०२० मध्ये गेला. वर बसलेल्यांनी सही फिरवली की खालचे आमचे सगळे थर्मास मिळून ती भर काढू शकत नाहीत. पण कचेरी, वाचनालय, रुग्णालय, महाविद्यालय इथल्या चहा-कॉफी-साखरेच्या ऑर्डरवरची सही बदलणं आमच्या आवाक्यातलं आहे. दर महिन्याला जाणारी कंटाळवाणी ऑर्डर. तिचा फोटो काढून कुणी टाकत नाही.

म्हणून आम्ही काही गोष्टी बदलल्या. पोस्टरच्या जागी आता एक फळा असतो आणि त्यावर कपाचा सगळा हिशेब खडूने लिहिलेला. लोक थांबून बेरीज तपासतात, एकाने तर चूक काढून दाखवली (भाजताना घटणारं वजन मी धरलंच नव्हतं). दुसरं म्हणजे एक वही. 'तुमच्या कामाच्या ठिकाणी चहा-कॉफी कोण मागवतं?' एवढाच प्रश्न त्यात. नाव नको, फक्त पद आणि केव्हा भेटतात ते. कार्यक्रम संपला की आमचं काम या वहीपासून सुरू होतं. दहा ठिकाणी गेलो तर आठ ठिकाणी नाही म्हणतात. बहुतेकांचं कारण किंमत असतं, आणि ते खरंही असतं. मग आम्ही सगळं नको, फक्त साखर बदला म्हणतो.

स्टॉलवर एकाला केळं बनवून उभं करतो, तो केळ्याचा पोशाख मात्र तसाच ठेवलाय. दर वेळी कुणीतरी बिचारा त्यात घामाघूम होतो आणि मला दर वेळी तो प्रकार बावळट वाटतो. पण मुलं त्याच्याशिवाय थांबत नाहीत. मुलं थांबली की मोठ्यांना थांबावं लागतं, आणि त्या मोठ्यांत कुणीतरी कुठल्या ना कुठल्या खरेदी खात्यातलं निघतंच.